सरासरी उत्पन्न : एका भागाकाराचा इतिहास

देशाचें एकूण उत्पन्न घ्यावें, त्यास लोकसंख्येनें भागावें, म्हणजे माणशीं सरासरी उत्पन्न निघतें. गणित एवढेंच. परंतु याच भागाकारावरून हिंदुस्थानांत पाऊणशें वर्षें वाद चालला. कारण राज्यकारभारानें रयत सुखी झाली कीं दरिद्री, याचा निवाडा त्यावर अवलंबून होता.

वादास तोंड फोडलें दादाभाई नौरोजी यांनीं. १८७६ सालीं ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढें त्यांनीं हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. १८६७-६८ च्या सुमाराचे सरकारी आंकडे घेऊन, सुटलेल्या बाबींसाठीं सढळ भर घालून, त्यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानचें उत्पन्न ३४ कोटि पौंड धरलें. लोकसंख्या होती १७ कोटि. म्हणजे माणशीं दोन पौंड, अर्थात् वर्षाला २० रुपये! बहुतेक प्रांतांत तुरुंगांतील कैद्याच्या नुसत्या अन्नवस्त्रास याहून अधिक खर्च येत होता, हें त्यांनीं सरकारी अहवालांतूनच दाखविलें.

सरकारी सरासऱ्यांतील एक ढोबळ चूकही त्यांनीं उघड केली. अहवाललेखक निरनिराळ्या जिल्ह्यांचे आंकडे मिळवून बेरजेस जिल्ह्यांच्या संख्येनें भागीत. समजा, एका जिल्ह्यांत एक लाख एकरांत एकरीं पांच मण पिकतें आणि दुसऱ्यांत एक हजार एकरांत पंधरा मण. या रीतीनें सरासरी दहा मण येते. खरी सरासरी पांच मणांहून किंचित् अधिक आहे. कागदावर पीक दुप्पट झालें, शेतांत मात्र एक दाणा वाढला नाहीं.

खरी सरासरी काढली तरी सर्व सत्य हातीं येत नाहीं. वीस रुपये प्रत्येकाच्या पदरांत पडत नाहींत. वरच्या वर्गाचा वाटा मोठा असल्यानें गरिबास त्याहूनही कमी मिळतें, हें दादाभाईंनींच बजाविलें होतें. एका वाड्यांत दहा बिऱ्हाडें आहेत. नऊ जणांस दरमहा पन्नास रुपये मिळतात, दहाव्यास साडेपंधराशें. सरासरी दोनशें रुपये; पण दोनशें मिळविणारें बिऱ्हाड वाड्यांत एकही नाहीं! उत्पन्नाच्या क्रमानें बिऱ्हाडें मांडून मधलें पाहिलें, तर तेथें पन्नासच दिसतात.

पुढें १८८२ सालीं बेअरिंग व बार्बर यांनीं सरकारतर्फे २७ रुपयांचा अंदाज केला. १९०१ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं ३० रुपये सांगून प्रगतीचा दाखला दिला. त्याच वर्षीं विल्यम डिग्बी यांनीं तो आंकडा १८ रुपयांच्या आसपास आणला. शिवाय धान्याचे भाव चढले असतां २७ चे ३० झाले, तर घरांत अधिक धान्य येईलच असें नाहीं. रुपये मोजणें निराळें आणि रुपयांची खरेदीची शक्ति मोजणें निराळें.

शास्त्रशुद्ध पाया घातला तो डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनीं. १९३१-३२ सालासाठीं त्यांनीं माणशीं ६२ रुपये काढले. स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय उत्पन्न समिति नेमली. प्रशांतचंद्र महालनोबीस तिचे अध्यक्ष. राव आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ सभासद. पूर्वीं एकट्या दादाभाईंनीं अहवाल चाळून केलेलें काम आतां राष्ट्राचें नित्याचें काम झालें.

म्हणून सरासरी उत्पन्नाचा आंकडा वाचतांना सुज्ञानें तीन गोष्टी विचाराव्या : बेरजेंत काय धरलें, त्या वेळचे भाव काय होते, आणि वांटणी कशी झाली. दादाभाईंच्या वीस रुपयांचें महत्त्व हेंच कीं, त्यांनीं हे प्रश्न राज्यकर्त्यांस टाळूं दिले नाहींत.