‘कायमचा बोजा’ ठरलेल्या बाया

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी भागात बंगाली बोलणारी गावं आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून जी निर्वासित कुटुंबं आली, त्यांतली काही सरकारनं इथं वसवली. आज आम्ही त्या सरकारी मदतीचा हिशेब मांडणार आहोत.

चांगलं ते आधी. पंजाबकडून आलेल्यांसाठी सरकार झटून कामाला लागलं. तिकडे निघून गेलेल्या मुसलमान शेतकऱ्यांच्या जमिनी होत्या, त्या वाटल्या. मागं सोडलेल्या घरादाराची भरपाई द्यायला १९५४ मध्ये कायदा केला. सिंधी लोकांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं.

बंगालच्या लोकांना यातलं फारसं मिळालं नाही. ते वर्षानुवर्षं थोडेथोडे येत राहिले, आणि सरकारला वाटे, शांतता झाली की परत जातील. १९५० चा नेहरू-लियाकत करार त्याच आशेवर झाला. म्हणून भरपाई नाही. छावणी आणि थोडी रोख मदत, एवढंच.

आम्हाला सगळ्यात खटकते ती छावणीतली नोंद. घरात कर्ता पुरुष नसलेली बाई, तिची लेकरं, म्हातारी-अपंग माणसं यांना ‘कायमचा बोजा’ असं नाव होतं. सरकारी कागदावर, बरं का! त्यांना जमीन नाही, वेगळ्या छावणीत ठेवायचं. तिथं शिवण-विणकाम शिकवलं, ते बरंच केलं. पण नवरा मेला म्हणून शेतात राबणारी बाई एका दिवसात बोजा कशी होते? निराधार योजनेसाठी खेटे घातलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

१९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प आला. कोरापुट, कालाहांडी, बस्तर. जमीन दिली, रस्ते केले. पण ही माणसं नदीकाठची, भात आणि मासळीवर जगणारी. पदरात पडलं कोरडं माळरान. जायला नकार दिला की छावणीतली मदत बंद. आणि ते रान आदिवासींचं होतं, त्यांना कुणी विचारलं?

१९७८ मध्ये हजारो जण दंडकारण्य सोडून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेले. सरकारचा पैसा न घेता त्यांनी बांध घातले, शाळा उभारली, होड्या बांधल्या. बेट राखीव जंगलात येतं म्हणून १९७९ च्या जानेवारीत पश्चिम बंगाल सरकारनं त्याची नाकेबंदी केली, अन्नपाणी तुटलं. मे महिन्यात पोलिसांनी बेट रिकामं केलं. किती माणसं मेली, यावर आजही एकमत नाही. उरलेल्यांतल्या बहुतेकांना पुन्हा दंडकारण्यात धाडलं.