नळ कशाचे असावेत?

पाणी कोठून आणावे याचा विचार राजे आणि नगरपालिका करतात. ते कशातून आणावे, हा प्रश्न मात्र शेवटी घरधन्याच्या वाट्याला येतो. पहिल्या प्रश्नाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. दुसऱ्याचा इतिहास भिंतीत पुरलेला आहे, आणि तो उकरून पाहण्यासारखा आहे. कारण पाणी ज्या नळातून वाहते, त्याचा थोडा अंश बरोबर घेऊनच तोटीतून बाहेर पडते.

आपल्याकडचे जुने नळ दगडचुन्याचे आणि खापराचे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहर आणली. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने पुण्याच्या हौदांत आणले. यंत्राचा आधार नव्हता. उताराच्या बळावरच पाणी चाले. भाजलेल्या मातीला गंज नाही, आणि तिच्यातून पाण्यात उतरण्यासारखे फारसे काही नाही.

ही गोष्ट रोमी लोकांनाही ठाऊक होती. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने मातीच्या नळाचे पाणी शिशाच्या नळापेक्षा आरोग्याला चांगले, असे लिहून ठेवले आहे. शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांची अंगकांती फिकी पडते, हा त्याचा पुरावा. शिवाय मातीचा नळ बिघडला तर कोणालाही दुरुस्त करता येतो, हा गुणही त्याने सांगितला. पण शिसे मऊ. हवे तसे वाकते, सहज जोडता येते. सोय जिंकली आणि शहाणपण पोथीत राहिले. शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणतात. आपला 'प्लंबर' हा शब्द त्यातूनच आला.

या सोयीची किंमत आजही चुकवली जात आहे. अमेरिकेत शिशाचे नवे नळ घालण्यास १९८६ साली बंदी झाली, पण जुने नळ जमिनीत तसेच राहिले. मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने २०१४ साली पाण्याचा उगम बदलून नदीचे पाणी घेतले. नळ खाल्ले जाऊ नयेत म्हणून पाण्यात घालावयाचे द्रव्य घातले गेले नाही. वर्षानुवर्षे नळाच्या आतून बसलेला पापुद्रा सुटला, शिसे पाण्यात उतरले आणि पुढच्याच वर्षी ते लहान मुलांच्या रक्तात सापडले.

आपल्या घरांत शिशापेक्षा लोखंडाचे राज्य अधिक झाले. विहार तलावाचे पाणी १८६० साली मुंबईस आले ते लोखंडी नळांतून. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची युक्ती सोरेल या फ्रेंच गृहस्थाने १८३७ मध्ये पेटंट करून घेतली होती; त्या मुलाम्याचा नळ म्हणजेच आपल्या परिचयाचा 'जी. आय.' पाइप. परंतु जस्त हे लोखंडाऐवजी स्वतः झिजत असते, आणि ते संपले की गंजाची पाळी येते. आमच्या पुण्याच्या घरातला असा एक नळ कापला, तेव्हा आत गंजाच्या गाठी दाटून जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली दिसली. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून घरातली माणसे वर्षानुवर्षे नगरपालिकेला बोल लावीत आली होती. खरा चोर घरातच होता.

मग आले प्लास्टिक. पीव्हीसी हा पदार्थ बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती १८७२ साली अकस्मात लागला. त्याचे नळ जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात आले. ते गंजत नाही, हलके आणि स्वस्त. पण नळ ओतताना उष्णतेने पीव्हीसीचे विघटन होऊ नये म्हणून त्यात स्थिर करणारे द्रव्य मिसळावे लागते, आणि स्वस्त पडते म्हणून कारखानदारांनी पुष्कळदा शिशाचे क्षार वापरले. दाराने घालविलेले शिसे असे खिडकीने परत आले! भारत सरकारने त्याला आळा घालणारे नियम केले ते २०२१ साली.

म्हणून नळ बदलणाऱ्याने दुकानात केवळ भाव विचारू नये. शिसेविरहित आहे का, हे आधी विचारावे. गरम पाण्यासाठी साधे पीव्हीसी घेऊ नये, ते मऊ पडते. त्यासाठी सीपीव्हीसी आहे. तांबे महाग, पण टिकाऊ. मात्र ते जस्ताच्या मुलाम्याच्या नळाला थेट जोडू नये, नाहीतर पाण्यात दोन धातूंचे वैर जुंपते आणि मुलाम्याचा नळ लवकर खाल्ला जातो. आणि शक्य तेथे नळ भिंतीबाहेर ठेवावा. दिसायला तो बरा दिसत नाही, पण त्याचा बिघाड दिसतो आणि दुरुस्तही करता येतो.

नळाचा खरा दोष तो बसविणाऱ्याला क्वचितच दिसतो. तो दिसायला एक पिढी जावी लागते, आणि तोवर ते पाणी मुले पिऊन मोठी झालेली असतात.