इंग्रजी तिसरीचा मुलगा

मुंबई इलाख्यांत आपलें शिक्षण सांगण्याची एक रीत होती. “मराठी चार आणि इंग्रजी तीन” एवढें म्हटलें कीं ऐकणाराला सगळें समजे. मराठी चौथी झाल्यावर मुलगा इंग्रजी शाळेंत जाई. तेथें त्याची मोजणी पुन्हा पहिलीपासून सुरू होई, आणि इंग्रजी सातवीच्या अखेरीस मॅट्रिकची परीक्षा असे. यांतील पहिल्या तीन इयत्ता म्हणजे आजच्या पांचवी, सहावी व सातवी. इंग्रजी तिसरी संपविणारा मुलगा साधारणतः बारा-तेरा वर्षांचा. या वयाच्या मुलाला इंग्रजी किती यावें आणि कोणत्या प्रकारचें यावें, हा प्रश्न महाराष्ट्रांत फार जुना आहे; आणि त्याचें उत्तर त्या मुलाकडे पाहून क्वचितच दिलें गेलें.

१८४७ सालीं मुंबईच्या शिक्षण मंडळांत मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह इंग्रजीचा; तर जगन्नाथ शंकरशेट यांचें म्हणणें असें कीं, ज्ञान लोकांपर्यंत जावयाचें असेल तर तें त्यांच्याच भाषेंतून जाईल. नाना शंकरशेट हे कांहीं इंग्रजीचे वैरी नव्हते. मुंबईंतील इंग्रजी शिक्षणाच्या उभारणींत त्यांचा वांटा थोर होता, म्हणूनच त्यांच्या विरोधाला वजन होतें. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें वरच्या शिक्षणाला इंग्रजी आणि सामान्य जनतेला देशी भाषा अशी वांटणी करून कागदावर हा वाद मिटविला. परंतु १८५७ त विद्यापीठ निघालें, १८५९ त पहिली मॅट्रिक झाली, आणि तेथपासून अभ्यासक्रम खालून वर चढण्याऐवजीं वरून खालीं उतरूं लागला. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यांपैकीं. अशा बुद्धिमंतांना लावलेलें माप हळूहळू तिसरीच्या मुलाच्या पाटीपर्यंत येऊन पोहोंचलें.

त्याच्याकडून अपेक्षा काय असे? शब्दांचीं स्पेलिंगें व मराठी अर्थ तोंडपाठ. धड्याचें स्पष्ट वाचन. एखाददुसरी कविता पाठ. मास्तरांनीं सांगितलेला उतारा बिनचूक उतरून घेणें. आणि वाक्यांतील शब्दांचें व्याकरण चालविणें. इंग्रजींत बोलण्याची अपेक्षा जवळजवळ नव्हतीच. या सर्वांच्या मध्यभागीं होतें भाषांतर, आणि तेंही दुहेरी: इंग्रजीचें मराठी, मराठीचें इंग्रजी. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’चे भाग कित्येक पिढ्यांच्या दप्तरांत राहिले ते यामुळेंच.

या दुहेरी भाषांतराला घोकंपट्टी म्हणून हिणविण्याची पुढें चाल पडली. तीत तथ्य नाहीं असें नाहीं. तथापि त्या मुलाच्या डोक्यांत काय घडत होतें तेंही पाहावें. “मला ताप आला आहे” हें वाक्य इंग्रजींत नेतांना त्याला कळे कीं, मराठींत ताप माणसाकडे येतो, तर इंग्रजींत माणूस तापाचा धनी होतो. “रामानें आंबा खाल्ला” आणि “रामानें चिंच खाल्ली” यांत क्रियापद फळाप्रमाणें बदलतें. इंग्रजींत फळ कोणतेंही असो, तें जागचें हालत नाहीं. मराठींत ‘ए’ आणि ‘द’ यांना जागाच नाहीं. मग जो ‘एक’ मराठींत बोललाच जात नाहीं तो इंग्रजींत कोठून आणावा, या विवंचनेंत कित्येक संध्याकाळी गेल्या असतील. परंतु आपली भाषा ही एक विशिष्ट रचना आहे, ती अशीच असावी असा सृष्टिनियम नाहीं, हें त्याला प्रथम उमगलें तें याच वहींत. इंग्रजीच्या तासाला मराठीचाच अभ्यास होत होता.

मोठ्यांच्या बाबतींतही तेंच घडलें होतें. दादोबा पांडुरंग यांचें मराठी व्याकरण १८३६ त प्रसिद्ध झालें. त्यांतील शब्दांच्या जातींची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या नमुन्यावर आहे. मराठी लेखनांत स्वल्पविराम व अर्धविराम रूढ करण्याचें श्रेय मेजर कँडी यांना दिलें जातें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून ‘निबंधमालें’तून स्वभाषेचा अभिमान जागविला, आणि १८८० त टिळक-आगरकरांच्या साह्यानें पुण्यांत जी शाळा काढली तिचें नांवच न्यू इंग्लिश स्कूल! इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हणणारे हे लोक. तें दूध पिऊन मराठी धष्टपुष्ट व्हावी हा त्यांचा हिशेब. याच शाळेंत शिकलेले कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, मॅट्रिकच्या पुढें गेले नाहींत. पोटासाठीं त्यांनीं शाळामास्तरकी केली. परंतु इंग्रजी काव्यांतील चौदा ओळींचा बंध १८९२ त मराठींत त्यांनींच आणला.

पण केशवसुत एखादाच. मधूनच शाळा सोडणाऱ्या मुलांचें काय? वडील वारले, फी थकली, शेतीला हात कमी पडूं लागले कीं इंग्रजी तिसरीलाच शाळा सुटे. मॅट्रिकसाठीं आंखलेल्या सात वर्षांच्या वाटेवर तीन वर्षें चालून जो थांबला, त्याच्या हातीं काय उरलें? १९०४ च्या सरकारी ठरावानें, मातृभाषेचा पाया पक्का होण्यापूर्वीं मुलाला इंग्रजींत घालूं नये आणि सुमारें तेराव्या वर्षापर्यंत शिक्षण मातृभाषेंतूनच चालावें, असें बजावलें. पण हा प्रश्न त्यानें सुटला नाहीं. तो नेमका मांडला ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनीं, १९२६ त, बंगालच्या मुलांविषयीं लिहितांना. त्यांनीं विम्याची उपमा घेतली. हप्ते मध्येंच थांबले तर विमेदाराला जी रक्कम परत मिळते, तशी अर्धवट सुटलेल्या शिक्षणाची परतफेड काय? त्यांचें उत्तर: आधीं वाचन शिकवा, दोन वर्षांचें वाचन थोडें तरी कामास येतें, दोन वर्षांचें लेखन-भाषण कांहींच येत नाहीं. उपमा अचूक आहे, उत्तर मात्र अपुरें वाटतें. भाषांतर करीत तीन वर्षें काढलेल्या मुलाचें इंग्रजी पुसलें गेलें तरी मराठी वाक्य तोलण्याची संवय त्याच्याजवळ राही, आणि अर्ज, दस्त वा हिशेबाचें पत्र लिहितांना ती उपयोगीं पडे. वेस्टसाहेबांच्या हिशेबांत ही रक्कम धरलेली नाहीं.

स्वातंत्र्य आलें त्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें पांचवी ते सातवीचें इंग्रजी काढून टाकलें व तें आठवीपासून ठेवलें. खेड्यांतला आणि शहरांतला मुलगा सातवीपर्यंत त्यामुळें एका रेषेवर आला, निदान शाळेपुरता. ज्याच्या घरीं वडिलांना इंग्रजी येत होतें त्याच्या घरची शिकवणी कोणताही हुकूम थांबवूं शकत नव्हता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असतांना इंग्रजी पुन्हा पांचवींत आलें, आणि २००० सालापासून तें पहिलींत गेलें. दरम्यान पद्धतीही बदलल्या: आधीं वाक्यांचे ठराविक सांचे, मागाहून संभाषण. मराठी शब्द इंग्रजीच्या तासांतून जवळजवळ हद्दपार झाला.

अलीकडे दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत भाषांतराचा एक लहानसा प्रश्न परत आला. तो एकाच दिशेचा आहे, इंग्रजींतून मराठींत. मराठी वाक्य इंग्रजींत नेण्याची ती जुनी झटापट त्यांत नाहीं. ज्याला ती करून पाहावयाची असेल त्याच्यासाठीं तर्खडकरांची पाठमाला मात्र अजूनही छापली जाते.