आपली मते जातात, त्यांची येत नाहीत : १९५२ ते २०२४ च्या निकालांचा हिशेब

प्रत्येक निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये तीच तीन वाक्ये ऐकू येतात. 'मशीनमध्ये घोळ झाला.' 'आपलेच लोक विकले गेले.' 'नेते एक झाले असते तर चित्र वेगळे दिसले असते.' नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीने २८८ पैकी २३० हून अधिक जागा घेतल्या आणि वंचित बहुजन आघाडीला एकही जागा मिळाली नाही, त्या संध्याकाळी आम्हीही हेच बोलत होतो. या तिन्ही वाक्यांत थोडेफार तथ्य असेल. मतपत्रिकेवर मतदान व्हावे ही मागणी आम्ही सोडलेली नाही. पण ही वाक्ये एकदा बोलून झाली की विचार तिथेच थांबतो, आणि पाच वर्षांनी आपण पुन्हा त्याच जागी उभे असतो.

म्हणून आज थोडे मागे जाऊ. अशा काळात जाऊ, जेव्हा ईव्हीएम नव्हते, पक्ष एक होता, झेंडा एक होता आणि उमेदवार स्वतः बाबासाहेब होते. तरीही आपण हरलो. का हरलो?

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मुंबई शहर उत्तर हा तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. दिली तर त्यातले एक बाद होत असे. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. राखीव जागेवर हत्ती चिन्हावर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर झाड चिन्हावर अशोक मेहता. हिशेब सरळ होता. आपल्या माणसाने एक मत हत्तीला आणि एक झाडाला द्यायचे, समाजवादी मतदारानेही तेच करायचे.

निकाल काय लागला ते आकड्यांत पाहू. काँग्रेसचे वि. बा. गांधी १,४९,१३८. अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष पहिल्या लोकसभेत जाऊ शकले नाहीत.

आता हेच आकडे पुन्हा वाचा. अशोक मेहतांना बाबासाहेबांपेक्षा १६,१६५ मते जास्त आहेत. म्हणजे पराभवाच्या फरकापेक्षा मित्रपक्षाच्या उमेदवाराला मिळालेली जास्तीची मते मोठी आहेत. दोघे एकाच युतीचे, एकाच मतदारसंघातले, मतदार तेच. झाडाला मत देणाऱ्या हजारो हातांनी दुसरे मत हत्तीला दिले नाही. काँग्रेसच्या जोडीतही हाच प्रकार दिसतो. गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मते कमी. उमेदवार काँग्रेसचा असो की फेडरेशनचा, सर्वसाधारण जागेवरच्या जोडीदाराइतकी मते अस्पृश्य समाजातल्या उमेदवाराला मिळाली नाहीत. अस्पृश्यतेला राज्यघटनेने बंदी घालून दोन वर्षे झाली होती, पण मतपेटीपाशी ती शाबूत होती.

याच निवडणुकीत सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. मते कुजवण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, असा आरोप कम्युनिस्टांवर झाला. सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे उभे होते. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. मतदारसंघ पुन्हा द्विसदस्य, जोडीला पुन्हा अशोक मेहता. या वेळी मेहता निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. युती एक, प्रचार एक, आणि एक दिल्लीला गेला, दुसरा घरी. आपल्या समाजाने मित्राला दिलेला शब्द पाळला. मित्राच्या मतदारांपैकी पुरेशा लोकांनी तो पाळला नाही. भंडाऱ्याचा याहून वेगळा अर्थ आम्हाला लावता येत नाही.

आता प्रश्न असा की बाबासाहेबांनी या पराभवांचे काय केले? त्यांनी आपल्या लोकांना शिव्या घातल्या नाहीत. आधी आकडे तपासले, कायदेशीर मार्ग वापरला. मग धोरणाकडे वळले. १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतील राखीव जागा रद्द करण्याचा ठराव केला. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवर कोण बसणार हे बहुसंख्याकांची मते ठरवतात, हा पुणे कराराचा परिणाम त्यांनी स्वतःच्या पराभवात भोगला होता. १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. आणि एका जातसमूहाचे फेडरेशन मागे ठेवून सर्व शोषितांना खुला असा रिपब्लिकन पक्ष काढायचे ठरवले. तो पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झाला, तेव्हा ते हयात नव्हते.

पण त्याआधी, १९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एक गोष्ट घडली होती. ती आपल्या तरुणांना फारशी सांगितली जात नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला जेमतेम तीन महिने झाले होते. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. मुंबई शहर मध्य हा द्विसदस्य मतदारसंघ. सर्वसाधारण जागेवर तेच कॉम्रेड डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ माने. दोघेही निवडून आले! ज्यांच्यावर पाच वर्षांपूर्वी मते कुजवल्याचा आरोप होता, त्यांच्याच जोडीने आपला माणूस लोकसभेत गेला. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, कोपरगावमधून बी. सी. कांबळे निवडून आले. फेडरेशनचे सहा खासदार झाले, बहुतेक मराठी मुलखातले.

मतदार तोच गिरणगावातला होता, पद्धत तीच होती. मधल्या काळात बदलले काय? गिरणी कामगार, शेतकरी, मध्यमवर्गीय आणि आपला समाज संयुक्त महाराष्ट्रासाठी एकत्र रस्त्यावर उतरले होते. मोर्चे एकत्र निघाले, लाठ्या एकत्र खाल्ल्या, गोळीबारात माणसे मेली. निवडणुकीच्या आधीच एकमेकांची ओळख पटली होती, त्यामुळे दुसरे मत कुठे द्यायचे हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. १९५२ ची युती नेत्यांनी ठरवली होती, १९५७ ची युती रस्त्यावर घडली होती.

हे टिकले नाही. १९६० ला राज्य मिळाले, समिती विस्कटली. इकडे रिपब्लिकन पक्षात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन तट पडले. १९६२ ला पक्षाचे तीन खासदार आले, ते तिन्ही उत्तर प्रदेशातून. महाराष्ट्रातून एकही नाही. अलीगढला बी. पी. मौर्य जाटव-मुस्लिम एकजुटीवर जिंकले आणि मुरादाबादहून मुझफ्फर हुसेन हे मुस्लिम उमेदवार रिपब्लिकन पक्षातर्फे निवडून आले. म्हणजे मते दोन्ही दिशांनी जाऊ शकतात. मुस्लिम मते आपल्याला मिळतच नाहीत, असे निकालाच्या रात्री बोलणाऱ्यांनी अलीगढचा निकाल आठवावा.

पुढचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतले आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसे मारली गेली. त्या संतापाने गटांना एकत्र यायला भाग पाडले. १९९८ च्या लोकसभेत काँग्रेसशी युती करून प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले मुंबई उत्तर मध्यमधून निवडून आले. चारही मतदारसंघ सर्वसाधारण. दलित उमेदवार सर्वसाधारण जागेवर पडतोच, हा सिद्धांत तिथे मोडला. पण वर्ष-दीड वर्षात पुन्हा निवडणूक आली, ऐक्य फुटले, आणि चारातले दोघेच लोकसभेत परतले, तेही वेगवेगळ्या वाटांनी.

२०१९ ला भंडाऱ्याची पुनरावृत्ती झाली. भीमा कोरेगावनंतरच्या उसळीतून वंचित बहुजन आघाडी उभी राहिली. धनगर, माळी आणि ज्यांना कोणी तिकीट देत नाही अशा छोट्या ओबीसी जातींतले उमेदवार दिले, एमआयएमशी युती केली. लोकसभेत मिळून ४१ लाखांच्या आसपास मते मिळाली. औरंगाबादेत एमआयएमचे इम्तियाज जलील साडेचार हजारांच्या आतल्या फरकाने जिंकले. वंचितचा एकही उमेदवार जिंकला नाही, बाळासाहेब अकोला आणि सोलापूर दोन्हीकडे हरले. विधानसभेपूर्वीच युती तुटली. दोष मुस्लिम समाजाला देणे सोपे आहे आणि चुकीचेही. निवडणुकीआधी मोहल्ला आणि बुद्धवाडा यांनी मिळून किती आंदोलने केली होती, हा खरा प्रश्न आहे.

२०२४ च्या लोकसभेत संविधान धोक्यात आहे या जाणिवेने आपला मतदार स्वतःहून महाविकास आघाडीकडे गेला. ४८ पैकी ३० जागा त्यांना मिळाल्या, त्यात आपल्या मतांचा वाटा मोठा होता. जागावाटपाची बोलणी फिसकटल्यावरही वंचितने कोल्हापुरात शाहू महाराजांना आणि नागपुरात काँग्रेसला पाठिंबा दिला. अकोल्यात काँग्रेसने मात्र उमेदवार दिला, भाजप जिंकला, बाळासाहेब तिसऱ्या क्रमांकावर राहिले. आणि वर 'भाजपची बी टीम' हे बिरुद आपल्यालाच! ज्यांना आपली मते हवीत पण आपला खासदार नको, त्यांनी हा आरोप करावा, यापेक्षा मोठा दुटप्पीपणा नाही.

भाजपविषयी आम्हाला भ्रम नाही. मनुवादी विचाराशी आपले भांडण निवडणुकीपुरते नाही. पण त्या भीतीपोटी दर वेळी बिनशर्त मते देत राहिलो तर आपण फक्त दुसऱ्यांचे खासदार मोजत बसू.

मग करायचे काय? पहिले, प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० मिळवा. त्यात मतदान केंद्रवार आकडे असतात. मित्रपक्षाच्या बालेकिल्ल्यातल्या केंद्रांवर आपल्या उमेदवाराला किती मते पडली हे त्यात दिसते. पुढच्या बोलणीला भावना घेऊन न जाता हा कागद घेऊन जा. दुसरे, आम्ही आमचीही चूक मान्य करतो. आमच्या तालुक्यात कितीतरी केंद्रांवर आमचा पोलिंग एजंटच नव्हता. ज्याच्याकडे केंद्रावर बसायला माणूस नाही, त्याने निकालाच्या दिवशी गद्दार शोधू नयेत. तिसरे, ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका यांना दुय्यम समजू नका. अकोला जिल्हा परिषदेत भारिपने आणि पुढे वंचितने सत्ता राखली ती गावपातळीवर छोट्या-छोट्या जाती जोडून. लोकसभेला जी मते येत नाहीत, ती तिथे येतात, कारण तिथे माणसे एकमेकांना ओळखतात. पाण्याच्या, घरकुलाच्या, शिष्यवृत्तीच्या, गायरानाच्या लढ्यात जो आज आपल्याबरोबर उभा राहील, तोच उद्या आपल्या चिन्हासमोरचे बटण दाबेल.

१९५२ ला बाबासाहेब हरले, तेव्हा त्यांनी पराभवाचे रडगाणे गायले नाही. चार वर्षांत धम्म दिला, प्रशिक्षण विद्यालय दिले, नव्या पक्षाचा आराखडा दिला. पुढच्या निकालाला आपल्या हातात काय असेल, ते निकालाच्या दिवशी ठरणार नाही. ते या महिन्यात, आपल्या वॉर्डात ठरते आहे.

जय भीम!