युरोपातील आपत्कालीन रक्तपुरवठा : आंतरदेशीय सहकार्य

युद्ध, स्फोट, मोठा अपघात किंवा साथ यांमुळे एखाद्या देशाचा रक्तसाठा अपुरा पडल्यास इतर देशांनी तपासलेले रक्त व रक्तघटक पुरवण्याची व्यवस्था. युरोपात तिचा पाया युरोप परिषदेच्या सदस्य देशांनी 15 डिसेंबर 1958 रोजी पॅरिसमध्ये केलेल्या करारात आहे. स्वतःची गरज भागून साठा उरत असेल तर निकडीच्या देशाला तो द्यावा, केवळ संकलन, प्रक्रिया व वाहतुकीचा खर्च घ्यावा, नफा मुळीच घेऊ नये आणि अशा मालावर आयातशुल्क लावू नये, हे त्यातले मुख्य बंधन. दात्याने फुकट दिलेल्या रक्ताचा सरहद्द ओलांडताच व्यापार होऊ नये, ही काळजी करारकर्त्यांनी घेतली, हे या कराराचे मोठेपण.

रक्ताचा साठा फार काळ टिकत नाही. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला सुमारे 42 दिवस चांगल्या राहतात. प्लेटलेट्स 20 ते 24 अंशांना सतत हलत्या ठेवूनही सहसा 5 ते 7 दिवसच. प्लाझ्मा मात्र गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येतो. दुर्घटनेनंतर रक्तपेढीबाहेर दात्यांच्या रांगा लागतात, पण त्यांच्या रक्ताच्या चाचण्या व विलगीकरण होईपर्यंत जखमींना तारते ते आधीच शीतकपाटात असलेले रक्त. त्यामुळे सहकार्याची खरी कसोटी आपत्तीच्या आधीच लागते: चाचण्या समान हव्यात, पिशवीवरची माहिती परदेशातल्या तंत्रज्ञालाही वाचता यायला हवी. आयएसबीटी 128 या पद्धतीत लेबलाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात रक्तदानाचा क्रमांक, उजव्या कोपऱ्यात रक्तगट, खाली रक्तघटक व मुदत असते. भाषा कुठलीही असो, जागा ठरलेल्या.

युरोपीय संघाने 27 जानेवारी 2003 च्या निर्देशाने दर्जाचे किमान नियम घालून दिले आणि दात्यापासून रुग्णापर्यंतची नोंद 30 वर्षे जपणे बंधनकारक केले. राष्ट्रीय रक्तसेवांची ‘युरोपियन ब्लड अलायन्स’ ही संघटना 1998 पासून काम करते. धोक्याची खबर देणे हाही सहकार्याचाच भाग आहे. डासांमुळे पसरणारा वेस्ट नाइल विषाणू एका देशात आढळला, की तिथून परतलेल्या दात्याचे रक्त इतर देश 28 दिवस घेत नाहीत किंवा त्याची खास चाचणी करतात.

परक्या देशाच्या शिलकीवर विसंबणे किती धोक्याचे, हे ‘युरोब्लड’ उपक्रमाने दाखवले. स्वित्झर्लंड, नेदरलँड्स व जर्मनीतील तांबड्या पेशी 1970 च्या दशकापासून न्यूयॉर्कला जात. ‘मॅड काउ’शी संबंधित मेंदूविकाराच्या भीतीने अमेरिकेने युरोपीय दात्यांवर निर्बंध घातले, आणि या शतकाच्या आरंभी तो पुरवठा आटला.

दुर्मीळ रक्तगटांसाठी देशांची सीमा तोकडीच पडते. इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या फिल्टन येथे अशा दात्यांची आंतरराष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट याच दुर्मीळ वर्गातला. त्या गटाच्या रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही, त्याच गटाचा दाता शोधावा लागतो.

2024 च्या नव्या युरोपीय नियमावलीने सदस्य देशांना टंचाईसाठी आपत्कालीन योजना व सूचनायंत्रणा सक्तीची केली. ही नियमावली मुख्यतः 7 ऑगस्ट 2027 पासून लागू होईल. प्लाझ्माजन्य औषधांसाठी मात्र युरोप आजही मोठ्या प्रमाणात अमेरिकी प्लाझ्मावर अवलंबून आहे, आणि तिथल्या बहुतेक दात्यांना प्लाझ्माचा मोबदला मिळतो.