दिवाडी बेट : दफनभूमीतले कदंबकालीन छत

१/
जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांतच मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरता येते. भोवती खाजणजमिनी आणि भातशेती, मध्ये एक टेकडी, आणि टेकडीवर पिएदाद गावाचे पांढरेशुभ्र चर्च. त्या चर्चशेजारच्या दफनभूमीत एक लहानसे कपेल आहे. त्याचे कोरीव छत मात्र चर्चपेक्षा कित्येक शतके जुने आहे. ते कोणी घडवले? #धागा

२/
उत्तरासाठी कदंबांच्या काळात जावे लागते. अकराव्या शतकापासून गोव्यावर राज्य करणाऱ्या या घराण्याची राजधानी जुवारीकाठचे गोपकपट्टण. कुलदैवत मात्र दिवाडी बेटावरील नार्वे येथील सप्तकोटीश्वर. कदंब राजे स्वतःला ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’, म्हणजे सप्तकोटीश्वराच्या वराने कृपा लाभलेले, असे म्हणवीत. हे बिरुद त्यांच्या सुवर्णनाण्यांवरही आढळते.

३/
कदंबांची कला कशी होती, हे पाहण्यासाठी सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या तांबडी सुर्ल्याला जावे. तेथील महादेव मंदिर घनदाट रानामुळे वाचले. गोव्याचा स्थानिक दगड म्हणजे सच्छिद्र जांभा. त्यावर नाजूक नक्षी टिकत नाही. म्हणून तेथे काळा बेसाल्ट वापरला गेला. मंडपाच्या छतावर कमळ कोरलेले आहे.

४/
दिवाडीच्या देवस्थानाला असे रान लाभले नाही. चौदाव्या शतकात बहमनी फौजांच्या स्वारीत सप्तकोटीश्वराचे मंदिर उद्ध्वस्त झाले. पुढे गोवा विजयनगरच्या सत्तेखाली आल्यावर, त्याच शतकाच्या अखेरीस, माधव मंत्र्याने देवाची पुन्हा प्रतिष्ठापना केली.

५/
१५१० मध्ये अफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकला. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील मंदिरे पाडण्यास आरंभ झाला आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. त्याच सुमारास दिवाडीवर सामूहिक धर्मांतरे झाली. देवांनी नदी ओलांडली. सप्तकोटीश्वर पैलतीरी, डिचोलीतील नार्व्यास गेला. दिवाडीचा गणपती स्थलांतर करीत अखेर खांडोळ्यास स्थिरावला.

६/
माणसे मात्र बहुतांशी बेटावरच राहिली. तीच शेते, तेच बांध, तीच गावकरी. गावकरी म्हणजे गावाची सामाईक जमीन कसणारी आणि तिचे उत्पन्न वाटून घेणारी जुनी संस्था. जी संस्था पूर्वी देवळाचा खर्च उचलीत असे, तिच्याच उत्पन्नातून आता चर्चचा खर्च होऊ लागला. गोव्यातील ग्रामीण चर्चचा इतिहास या दुव्याशिवाय उमगत नाही.

७/
पिएदादचे आजचे चर्च अठराव्या शतकाच्या प्रारंभीचे आहे. त्याच्या रचनेचे श्रेय आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोवेकर पाद्र्याला दिले जाते. १७०२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा पोर्तुगीज ग्रंथ ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांच्या श्रेष्ठत्वाची बाजू मांडणारा आहे. म्हणजे दोनशे वर्षांच्या आत चर्चची आखणी करणारा पाद्रीही याच मातीतला होता!

८/
वास्तूत हे दिसते. दर्शनी भागाला दोन बाजूंस दोन मनोरे आहेत. ही मांडणी युरोपीय. भिंती मात्र जांभ्याच्या. चार महिन्यांचा पाऊस जांभ्यात मुरू नये म्हणून वर चुन्याचा गिलावा चढवला आहे. गोव्यात हा चुना बहुधा शिंपले भाजून करीत. आत खिडक्या जाड भिंतींत खोलवर बसवलेल्या, त्यामुळे उजेड मंद. आणि छतावर पांढऱ्या गिलाव्यात उठवलेली नाजूक वेलबुट्टी. जांभ्यात जे कोरता येत नव्हते, ते चुन्यात साकारले गेले.

९/
आता पुन्हा दफनभूमीकडे. तेथील कपेल हा टेकडीवरील कदंबकालीन मंदिराचा उरलेला भाग. ते मंदिर गणपतीचे होते असे मानले जाते. कोरीव छत आणि दगडी जाळीकाम आजही जागेवर आहे. मंदिर गेले, पण हा तुकडा नव्या उपयोगाला लागला. ज्या वास्तूला उपयोग उरतो तिची डागडुजी होते, आणि डागडुजी होते म्हणून ती टिकते. दिवाडीवर कदंबांची कारागिरी क्रुसाच्या सावलीत टिकली.

१०/
या कथेची दुसरी बाजू पैलतीरावर आहे. डिचोलीतील नार्व्याच्या सप्तकोटीश्वर मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झाला. शके १५९० चा, म्हणजे नोव्हेंबर १६६८ चा शिलालेख तेथे आहे. या मंदिरावर मात्र कदंब धाटणीचे शिखर नाही. जांभा, चुन्याचा गिलावा, अष्टकोनी चौथऱ्यावर घुमट, समोर दीपस्तंभ. साहित्य तेच, जे नदीपलीकडच्या चर्चला लागले. २०२३ मध्ये या मंदिराचे नूतनीकरण पूर्ण झाले.

११/
कदंबांचा देव घुमटाखाली नांदतो आणि कदंबांचे छत ख्रिस्ती दफनभूमीत उभे आहे. मधून मांडवी वाहते. मंदिर पाडले गेले हे जितके सत्य, तितकेच हेही सत्य की त्याच गावच्या लोकांनी पुढे नवे चर्च उभारले आणि जुने छतही सांभाळले. यांतले एकच सत्य सांगणारा इतिहास अपुरा ठरतो.

१२/
दिवाडीला गेल्यास चर्च पाहून लगेच परतू नये. दफनभूमीत शांतपणे जावे, कोणाच्या तरी आप्तांची ती जागा आहे. कपेलमध्ये उभे राहून मान वर करावी. आपल्या परिसरातील एखाद्या मंदिरात, मशिदीत वा चर्चमध्ये असा दुसऱ्या काळाचा दगड बसवलेला आढळला आहे का? अवश्य कळवावे.