जुनी राळ आणि नवी राळ



आमचें मालेगांव वाशीम जिल्ह्यांत. समुद्र येथून फार दूर. तरी नौकेचा विचार माझ्या मनांत आला तो एका गळक्या टांकीमुळें. घरची सिमेंटची टांकी तडकली, तेव्हां गवंड्यानें दोन डब्यांतील लेप एकत्र घोटून भेगेंत भरला. दुसऱ्या दिवशीं तो दगडासारखा घट्ट झाला. ही हकीकत मीं कोंकणांत नोकरीस असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यास कळविली. त्यानें उलट विचारलें, “गुरुजी, याच लेपानें लांकडी होडीची गळती बुजविली तर?” होडींत माणसें बसतात, म्हणून उत्तर घाईनें देणें मला प्रशस्त वाटलें नाहीं.

आपल्या किनाऱ्यावरील कारागिरांनीं हा प्रश्न शतकानुशतकें हाताळला होता. सुरत व मुंबई येथील जहाजांत फळीची कड दुसऱ्या फळीच्या खांचेंत बसवीत आणि मध्यें कापूस व राळ घालीत. वर चुना आणि तेल यांचा लेप देत. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानाचें बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें. तें आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. कापूस व राळ मऊ असतात. लांकूड भिजून फुगलें कीं तीं दबतात आणि सांधा अधिकच घट्ट होतो.

गवंड्याचा लेप म्हणजे एपॉक्सी; तीहि राळच, परंतु रसायनशाळेंत जन्मलेली. स्वित्झर्लंडांत पिएर कास्तां हे दंतवैद्यांच्या उपयोगाचा पदार्थ शोधीत असतां ती हातीं आली, आणि १९४६ सालीं ‘अराल्डाइट’ या नांवानें बाजारांत प्रसिद्ध झाली. राळ व तिला घट्ट करणारें द्रव्य यांचें प्रमाण चुकलें, तर ती नीट घट्ट होत नाहीं.

मग तिनें नौका होत नाहीं काय? होते. गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत सिडार लांकूड, कांचतंतु व एपॉक्सी यांची ‘म्हादेई’ बांधली गेली. दिलीप दोंदे यांनीं तिच्यांतून २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. परंतु तेथें सर्व लांकूड कोरडें असतांनाच राळेनें वेढलेलें. त्यास पाणी शिवत नाहीं, म्हणून तें फुगत नाहीं.

जुन्या होडीचें तसें नाहीं. तिच्या फळ्या पाणी पितात व हालतात. गवंडीकामाच्या लेपांत भुकटी मिसळलेली असल्यानें तो दाट असतो. लांकडांत फारसा मुरत नाहीं. सांधींत तो भरला, तर फुगणाऱ्या फळीस जागा उरत नाहीं. कड चेंगरते, किंवा लेपच सुटतो, आणि तोहि भर समुद्रांत. उलट २०२५ सालीं नौदलांत आलेली ‘कौंडिण्य’ ही नौका गोव्यांतच काथ्यानें शिवून व नैसर्गिक राळेनें बुजवून बांधलेली आहे.

मीं विद्यार्थ्यास लिहिलें: “फळीस मोठें भोंक पडलें असेल, तर लांकूड पूर्ण वाळवून, खरवडून, नौकेसाठींच केलेली एपॉक्सी वापर. सांधींत मात्र कापूसच ठोकवून घे. आणि तें काम जाणणारा म्हातारा सुतार गांवांत असेल, तर त्याच्या हाताखालीं एखादा मुलगा बसव.” कारण लेप दुकानांत मिळेल, तो हात मिळणार नाहीं.